साडेएकोणसाठच्या आधी ४०१-के किंवा आयआरएमधून पैसे काढायचे असतील तर दंड कसा टाळावा

अमेरिकेत पाच-सात वर्षं नोकरी केली की ४०१-के मध्ये, म्हणजे कंपनीमार्फत चालणाऱ्या निवृत्ती बचत खात्यात, बऱ्यापैकी रक्कम साठते, आणि नेमकी अडचणीच्या वेळी ती डोळ्यांसमोर येते. लेऑफ झाला, घराचं डाउन पेमेंट कमी पडलं, मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, किंवा कायमचं भारतात परतायचं ठरलं. पैसे आपलेच असतात आणि वेबसाइटवर चार बटणं दाबून मागवताही येतात. वयाची ५९½ वर्षं पूर्ण व्हायच्या आत ते काढले तर मात्र नेहमीच्या उत्पन्न करावर आणखी १० टक्के दंड बसतो.

या दंडातून सुटायचे कायदेशीर मार्ग बरेच आहेत. बहुतेक लोक ते वापरू शकत नाहीत, कारण त्यांची आठवण पैसे हलवून झाल्यावर होते. ही सवलत माणसाला मिळत नाही, खात्याला मिळते. एकच खर्च आयआरएमधून, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यातून, केला तर दंड माफ होतो आणि ४०१-के मधून केला तर होत नाही. काही बाबतीत याच्या बरोबर उलट असतं. म्हणून रक्कम हलवण्याआधी ती कुठल्या खात्यात आहे आणि कुठल्या खात्यातून बाहेर पडणार आहे, एवढं कागदावर लिहून काढा.

आधी खरा हिशेब मांडा

समजा तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, वय ४२ आहे आणि ट्रॅडिशनल ४०१-के मधून (भरताना कर नाही, काढताना कर) ३०,००० डॉलर काढले. तुमचं उत्पन्न २२ टक्क्यांच्या फेडरल टप्प्यात येतं आणि ही पूर्ण रक्कम त्याच टप्प्यात बसते असं धरू. कंपनीचा प्लॅन २० टक्के, म्हणजे ६,००० डॉलर, आधीच कापून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर विभागाकडे, पाठवतो. तुमच्या बँकेत २४,००० येतात. इथेच बऱ्याच जणांना वाटतं की कर भरून झाला.

प्रत्यक्षात फेडरल कर ६,६०० होतो आणि दंड ३,०००. राज्याचा कर ९.३ टक्क्यांनी धरला तर २,७९०. शिवाय कॅलिफोर्नियाचा स्वतःचा २.५ टक्के वेगळा दंड आहे, तो ७५०. एकूण १३,१४० डॉलर. ३०,००० पैकी हातात राहिले १६,८६०. राज्याचं काही आधी कापलेलं नसेल, तर पुढच्या एप्रिलमध्ये ७,१४० डॉलर भरायचे असतात, आणि तोवर ते पैसे बहुधा खर्च झालेले असतात.

या हिशेबात कर आणि दंड वेगळे ठेवलेत, ते मुद्दाम. खाली ज्या सवलती आहेत त्या जवळजवळ सगळ्या फक्त दंडाच्या आहेत. ट्रॅडिशनल खात्यातल्या पैशांवरचा नेहमीचा कर तुम्ही कुठल्याही वाटेने गेलात तरी भरावाच लागतो. 'पेनल्टी-फ्री' आणि 'टॅक्स-फ्री' यांची गल्लत झाली की एप्रिलमध्ये मोठं बिल येतं.

एक अपवाद जाता जाता सांगतो. छोट्या कंपन्यांमध्ये 'सिंपल आयआरए' नावाचा प्लॅन असतो. त्यात सहभागी झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत पैसे काढले तर दंड १० नाही, २५ टक्के आहे. पगाराच्या कागदपत्रांत हे नाव दिसलं तर दोन वर्षं होईपर्यंत त्या खात्याला हात लावू नका.

नोकरी बदलताना

नव्यांना दंड बसतो तो बहुतेक वेळा इथे, आणि तोही पैशांची गरज नसताना. जुन्या कंपनीतला ४०१-के नव्या जागी न्यायचा असतो. फॉर्म भरताना 'डायरेक्ट रोलओव्हर' (पैसे थेट एका खात्यातून दुसऱ्यात) निवडायच्या ऐवजी चेक स्वतःच्या नावे मागवला जातो.

५०,००० डॉलरच्या खात्याचा चेक तुमच्या नावे आला तर तो ४०,००० चा असतो. उरलेले १०,००० आयआरएसकडे गेलेले असतात. तुमच्याकडे ६० दिवस असतात, आणि त्या ६० दिवसांत नव्या खात्यात पूर्ण ५०,००० जमा व्हायला हवेत. म्हणजे वरचे १०,००० स्वतःच्या बचतीतून घालायचे. ते रिटर्न भरल्यावर हिशेबात परत मिळतात, पण मधले काही महिने तुम्हीच ते सोसता. फक्त ४०,००० भरले, तर राहिलेले १०,००० तुम्ही काढले असं धरलं जातं. त्यावर कर लागतो आणि वर १,००० डॉलर दंड.

डायरेक्ट रोलओव्हरमध्ये यातलं काहीच होत नाही. काही प्लॅन तरीही चेक तुमच्याच घरी पाठवतात, तेव्हा घाबरू नका, चेकवर नाव कोणाचं आहे ते बघा. नव्या खात्याच्या कंपनीचं नाव, पुढे 'एफबीओ' (म्हणजे 'यांच्यासाठी') आणि मग तुमचं नाव असेल तर चेक बरोबर आहे. तो तुमच्या बँकेत वटवायचा नसतो, नव्या खात्याच्या कंपनीकडे पाठवायचा असतो. पुढच्या वर्षी पैसे बाहेर पडल्याची नोंद असलेला जो १०९९-आर फॉर्म येतो त्याच्या सातव्या चौकटीत 'जी' अक्षर दिसलं की व्यवहार डायरेक्ट रोलओव्हर म्हणून नोंदला गेला.

आयआरएमधून आयआरएमध्ये पैसे नेतानाही हीच सवय ठेवा. स्वतःच्या हातून जाणारा ६० दिवसांचा रोलओव्हर बारा महिन्यांत एकदाच करता येतो, आणि ही मर्यादा तुमच्या सगळ्या आयआरए खात्यांना मिळून आहे. दोन कंपन्यांनी आपापसात परस्पर केलेल्या हस्तांतरणाला अशी मर्यादा नाही.

थोडेच दिवस टिकलेल्या नोकरीतलं लहान खातंही विसरू नका. शिल्लक १,००० डॉलरच्या आत असेल तर प्लॅन तुम्हाला न विचारता चेक पाठवून खातं बंद करू शकतो, आणि तो चेक वटवला की दंड लागू होतो. १,००० ते ७,००० च्या मधली रक्कम तुमच्या नावाने एखाद्या आयआरएमध्ये ढकलली जाऊ शकते. नोकरी सोडताना पत्ता आणि खासगी ईमेल प्लॅनकडे बदलून ठेवा. कंपनीचा ईमेल बंद झाला की या सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

'हार्डशिप' या नावाला भुलू नका

प्लॅनच्या वेबसाइटवर 'हार्डशिप विथड्रॉवल' असा पर्याय दिसतो. नावावरून वाटतं की अडचणीत असलेल्याला सरकारने सूट दिली असेल. तसं नाही. हार्डशिप म्हणजे नोकरीत असताना पैसे काढायची परवानगी, इतकंच. दंडाची माफी त्यात नसते. कर लागतो, १० टक्के दंड लागतो, आणि ही रक्कम रोलओव्हर करून परतही टाकता येत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात केअर्स कायद्याने १ लाख डॉलरपर्यंत दंडमाफी दिली होती. तेव्हाचे अनुभव ऐकून आज कोणी तसंच करायला गेलं तर पस्तावेल, कारण ती सवलत त्याच वर्षापुरती होती.

नोकरी चालू असेल आणि गरज तात्पुरती असेल, तर हार्डशिपच्या आधी ४०१-के वरचं कर्ज बघा. हक्काच्या शिलकीच्या निम्मी रक्कम किंवा ५०,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढं साधारणपणे मिळतं. फेड पाच वर्षांत करायची, आणि व्याज तुमच्याच खात्यात जातं. कर नाही, दंड नाही. प्रत्येक प्लॅनमध्ये ही सोय असतेच असं नाही, एचआरला विचारा.

कर्जाचा धोका नोकरी जाण्यात आहे, आणि व्हिसावर असलेल्याने तो गंभीरपणे घ्यावा. नोकरी सुटली आणि प्लॅनने थकलेली रक्कम तुमच्या शिलकीतून वळती केली, तर तेवढे पैसे तुम्ही काढले असं मानलं जातं. यातून वाट आहे: त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ धरली तर पुढच्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरपर्यंत, तेवढीच रक्कम स्वतःकडून आयआरएमध्ये भरली की कर आणि दंड दोन्ही टळतात. लेऑफनंतरच्या धावपळीत ही तारीख निसटते, म्हणून कर्ज घेतानाच लिहून ठेवा. नोकरीत असतानाच हप्ते थकवले तर मात्र ही सूट मिळत नाही.

फक्त आयआरएला असलेल्या सवलती

पहिली, उच्च शिक्षण. स्वतःची, जोडीदाराची, मुलांची किंवा नातवंडांची ट्यूशन, फी, पुस्तकं, आणि विद्यार्थी निदान अर्धवेळ शिकत असेल तर राहण्या-जेवणाचा खर्चही चालतो. खर्च आणि पैसे काढणं एकाच वर्षातलं हवं, आणि स्कॉलरशिपने भागलेला भाग धरायचा नाही. डिसेंबरमध्ये काढून जानेवारीत फी भरली तर गोंधळ होतो.

दुसरी, पहिलं घर. आयुष्यभरात मिळून १०,००० डॉलर. पती-पत्नी दोघांची स्वतंत्र आयआरए असेल तर दोघांचे मिळून २०,०००. 'पहिलं' याचा अर्थ इथे उदार आहे: मागच्या दोन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात राहत नसलात तरी चालतं. पैसे काढल्यापासून १२० दिवसांत ते घरासाठी वापरले गेले पाहिजेत.

तिसरी, बेरोजगारीत भरलेला आरोग्य विम्याचा हप्ता. अट अशी की सलग बारा आठवडे सरकारी बेकारी भत्ता मिळालेला असावा. एच-वन-बी वाल्यांना हा भत्ता सहसा मिळत नाही, त्यामुळे या सवलतीवर त्यांनी बेत आखू नये.

या तिन्हींपैकी एकही ४०१-के ला लागू नाही. जुन्या कंपनीत पैसे पडून असतील तर ते आधी डायरेक्ट रोलओव्हरने आयआरएमध्ये न्या आणि मग तिथून काढा. क्रम उलटा झाला की दंड बसतो, खर्च तोच असला तरी.

फक्त ४०१-के ला असलेली सवलत: पंचावन्नचा नियम

ज्या वर्षी तुम्हाला ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सुटली, मग तुम्ही सोडली असो की काढून टाकलं असो, तर त्याच कंपनीच्या ४०१-के मधून दंडाशिवाय पैसे काढता येतात. पन्नाशीत लेऑफ झालेल्यांसाठी यापेक्षा मोठा आधार नाही. पण तो तारखांवर फार काटेकोर आहे. समजा तुमचा ५५ वा वाढदिवस २० नोव्हेंबरला आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत नोकरी सोडलीत तरी चालेल. आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सोडलीत तर नाही, आणि मग ५६ व्या किंवा ५७ व्या वर्षी त्या खात्यातून काढले तरी दंड लागतो. कंपनी 'जायची तारीख तुम्ही सुचवा' म्हणत असेल, तर या एका नियमासाठी काही आठवडे पुढे ढकलणं हजारो डॉलरचं ठरतं.

इथली सर्वात वाईट चूक चांगल्या हेतूने होते. निवृत्त झाल्यावर कोणी सल्लागार सांगतो, सगळं एका आयआरएमध्ये आणा, सोपं पडेल. आणलं की पंचावन्नची सवलत त्या पैशांपुरती संपली. ५५ ते ५९½ च्या दरम्यान लागणारी रक्कम तरी ४०१-के मध्येच राहू द्या. ४५ व्या वर्षी सोडलेल्या जुन्या कंपनीच्या खात्याला हा नियम लागू नाही, पण ते खातं नोकरीत असतानाच सध्याच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये आणून ठेवलं तर तेही सवलतीत येतं. आणि एचआरला एक नक्की विचारा: नोकरी सोडल्यावर थोडे थोडे काढता येतात का, की एकदमच सगळे घ्यावे लागतात? काही प्लॅन एकदमच सगळे घ्यायला लावतात, आणि मग सवलत असूनही कराचा टप्पा वर जातो.

रॉथ आयआरए असेल तर तिथून सुरुवात करा

रॉथ आयआरएमध्ये कर भरून झालेले पैसे टाकलेले असतात, म्हणून तुम्ही स्वतः भरलेली मुद्दल कधीही, कुठल्याही वयात, कुठल्याही कारणासाठी काढता येते. कर नाही, दंड नाही. कायद्याने काढण्याचा क्रमही ठरवून दिलाय: आधी भरलेली मुद्दल, मग ट्रॅडिशनलमधून रूपांतरित केलेली रक्कम, शेवटी वाढ. पाच वर्षांत २५,००० भरले आणि खातं ३४,००० झालं असेल तर पहिले २५,००० मोकळे आहेत.

रूपांतरित केलेल्या प्रत्येक रकमेचं पाच वर्षांचं घड्याळ वेगळं चालतं, आणि ते त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. लवकर निवृत्त व्हायचं ठरवलेले लोक यावरच सगळी आखणी करतात: दर वर्षी थोडी रक्कम ट्रॅडिशनलमधून रॉथमध्ये न्यायची, त्या वर्षी कर भरायचा, पाच वर्षं थांबायचं, आणि मग एकेक वर्षाचा हप्ता दंडाशिवाय उचलायचा. त्यासाठी पहिली पाच वर्षं जगायला दुसरीकडे पैसे असावे लागतात.

किती मुद्दल भरली याचा पुरावा तुम्हीच जपायचा. दर वर्षी येणारा ५४९८ फॉर्म आणि रिटर्नबरोबरचा ८६०६ फॉर्म फाइलमध्ये ठेवा. आणि रॉथ ४०१-के ला हा क्रम लागू नाही. तिथे प्रत्येक डॉलरमध्ये मुद्दल आणि वाढ प्रमाणात मिसळलेली धरतात.

ठराविक हप्त्यांचा मार्ग

वय कमी आहे, आणि गरज वर्षानुवर्षांची आहे, तर करकायद्याच्या कलम ७२-टी खाली दर वर्षी ठराविक सूत्राने रक्कम काढता येते. कमीत कमी पाच वर्षं किंवा ५९½ पर्यंत, यात जे उशिरा येईल तोवर ती थांबवता येत नाही. ५० व्या वर्षी सुरू केलंत तर साडेनऊ वर्षं, ५७ व्या वर्षी सुरू केलंत तर ६२ पर्यंत. मध्येच जास्त काढले, हप्ता चुकवला किंवा त्या खात्यात नवे पैसे टाकले, तर मागच्या सगळ्या वर्षांचा दंड व्याजासकट परत लागतो. माझं मत स्पष्ट आहे: सीपीएशिवाय (अमेरिकेतला सीए) हे करू नये. करायचंच असेल तर हव्या त्या हप्त्यापुरती रक्कम वेगळ्या आयआरएमध्ये काढा आणि हिशेब फक्त त्या खात्यावर लावा, म्हणजे उरलेली बचत मोकळी राहते.

आजारपण, मूल, मृत्यू

'एजीआय'च्या, म्हणजे रिटर्नमधल्या काही ठराविक वजावटींनंतरच्या एकूण उत्पन्नाच्या, ७.५ टक्क्यांवर गेलेला वैद्यकीय खर्च दोन्ही प्रकारच्या खात्यांत दंडमुक्त आहे. मूल झालं किंवा दत्तक घेतलं तर वर्षाच्या आत आई-वडिलांना प्रत्येकी ५,००० डॉलर काढता येतात. २०२४ पासून आणीबाणीच्या खर्चासाठी वर्षाला १,००० डॉलरची सोय झाली आहे. घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीलाही २०२४ पासून सवलत आहे. मर्यादा १०,००० डॉलरच्या आसपास, पण खात्याच्या निम्म्याहून जास्त नाही, आणि अट पूर्ण होते हे स्वतःच लिहून द्यायचं असतं. ही माहिती ज्या बाईला हवी आहे तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, म्हणून तुम्हाला कोणी अशा परिस्थितीत माहीत असेल तर सांगा. ४०१-के मधल्या यातल्या काही सोयी प्लॅनने स्वीकारलेल्या असाव्या लागतात.

मृत्यूनंतर वारसाला दंड नाही. पण तरुण विधवा किंवा विधुराने इथे फार जपायला हवं. नवऱ्याचं खातं 'स्वतःच्या' आयआरएमध्ये आणलं की ते पैसे तिचे झाले, आणि तिचं वय ५९½ च्या आत असेल तर पुढे काढताना दंड लागू होतो. तेच खातं 'इनहेरिटेड', म्हणजे वारसा खातं म्हणून ठेवलं तर लागत नाही. दुःखाच्या पहिल्या महिन्यांत फॉर्मवर सह्या होऊन जातात. घरात असं काही घडलं तर जवळच्या एकाने तरी त्या बाईच्या शेजारी बसून फॉर्म वाचावेत. निदान पुढच्या काही वर्षांच्या खर्चाचे पैसे वारसा खात्यातच राहू द्यावेत.

घटस्फोटात उलट: कोर्टाच्या 'क्वाड्रो' (निवृत्ती खात्याच्या वाटणीच्या) आदेशाने जोडीदाराच्या ४०१-के मधून थेट घेतलेल्या रकमेवर दंड नाही, पण ती आधी आयआरएमध्ये टाकली तर सवलत जाते.

रिटर्न भरताना

सवलत मिळत असूनही ती मागितली नाही तर दंड लागतो. १०९९-आर च्या सातव्या चौकटीत '१' असेल तर खात्याच्या कंपनीने आयआरएसला कळवलंय की हे मुदतीआधीचे पैसे आहेत आणि सवलत आम्हाला माहीत नाही. कंपनीला तुमच्या मुलीची फी कुठून कळणार? अशा वेळी फॉर्म ५३२९ भरायचा आणि सवलतीचा आकडा लिहायचा: शिक्षणासाठी ०८, पहिल्या घरासाठी ०९. पावत्या फाइलमध्ये ठेवायच्या. सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारतं, घाईत 'नाही' दाबू नका.

भारतात परतणार असाल तर

परतलात म्हणून दंड माफ होत नाही. अनिवासी म्हणून पैसे काढले की साधारणपणे ३० टक्के कापले जातात, १०९९-आर ऐवजी १०४२-एस फॉर्म येतो, आणि खरा हिशेब १०४०-एनआर भरून होतो. १० टक्के दंड त्यातही असतो. घाईने खातं मोडायची सक्ती नाही, ते ५९½ पर्यंत तसंच राहू शकतं. भारतात त्या वाढीवर दर वर्षी कर न देता पैसे काढण्याच्या वर्षी द्यायची सोय २०२१ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ८९-ए घालून केली, आणि अमेरिकेची खाती त्यात येतात. त्यासाठी फॉर्म १०-ईई वेळेत भरावा लागत असे. परतण्याच्या वर्षी भारतातल्या सीएला सध्याचं कलम आणि फॉर्म विचारून घ्या. निघण्याआधी खात्याच्या कंपनीला विचारा की भारताचा पत्ता चालतो का. चालत नसेल तर चालणाऱ्या कंपनीत डायरेक्ट रोलओव्हर अमेरिकेत असतानाच उरका, आणि लॉग-इनचे कोड अमेरिकी फोन नंबरवर येत असतील तर तो नंबर बंद करण्याआधी बदलून घ्या.